छंद

सुहैल दिसला, असं शम्सा म्हणते
आणि पहाटेच कुंपणावरून फावडं सरकवते.
मला तो तारा अजून ओळखू येत नाही.
मी टाकीच्या नळाखाली मनगट धरून बघते.
काल चटका बसला होता, आज बसला नाही.
एवढं ज्योतिष मला पुरतं.

रुस्ताकच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी
अकरा वाफे, तीन खजुरी, एक लिंबू
आणि एक सिद्र, जिला मी बोर म्हणते
आणि ती ओ देते.
गुरुवारी संध्याकाळी फार्मसीचं शटर पडलं
की नखांतला औषधांचा वास
मातीत पुसायला आम्ही इथे येतो.
विद्याधर याला 'आपली शेती' म्हणतो.
मोतालेब, ज्याच्या बापाची खरीच शेती होती ब्रह्मपुत्रेकाठी,
काही बोलत नाही. आळं नीट करून देतो.

फलजचं पाणी आमच्या वाट्याला आठवड्यात एक अथर,
म्हणजे अर्धा तास.
बांध फोडायचा, धावायचं, बांध घालायचा,
तेवढ्यात मेथी प्यायली पाहिजे, मुळा, लसूण,
आणि तो हट्टी वांग्याचा वाफा,
ज्याला पाणी नेहमी शेवटीच पोचतं.

फाल्गुनात मोतालेब खजुरीवर चढतो,
नराचा तुरा मादीच्या तुऱ्यात बांधून उतरतो,
केसांत पिठूळ धूळ,
लग्न लावून आलेल्या भटजीसारखा भुकेला.
मग ऊन येतं. त्याबद्दल काय लिहू?
जूनमध्ये फक्त खजुरी जगतात, आणि घोसाळ्याचा वेल
वाळता वाळता अंग घासायच्या जाळ्या सोडून जातो.
लिंबं मिठाच्या पाण्यातून काढून पत्र्यावर टाकते,
काळी, हलकी, खुळखुळ्यासारखी होईपर्यंत.
फार्मसीतल्या पोरी विचारतात, मॅडम, हे सगळं कशाला?
छंद, मी म्हणते.

छंद हा शब्द आमच्या घरात नव्हता.

यंदा खजूर उतरवून झाल्यावर झावळ्या छाटल्या.
शम्सा टोपली विणायला बसली, मला म्हणाली, बस.
मी पात्या भिजवल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या,
सुरीच्या टोकानं चिरल्या, बारीक, अजून बारीक,
आणि टोपली विणायच्या ऐवजी
माझी बोटं भलतीकडेच गेली.
मूठ वळली. दोरी आवळली. दातांत धरून ओढली.
मांडीवर केरसुणी होती.

हौसाआत्या अशीच बसायची, शिंदीच्या ढिगात.
दिवाळीआधी गावभर फिरून विकायची.
लोक लक्ष्मी म्हणून केरसुणीला हळदकुंकू लावत
आणि तिच्या ओंजळीत पैसे
वरून टाकत.
मी पाचवी पास झाले त्या दिवशी अण्णांनी
शिंदीची शेवटची मोळी ओढ्यात सोडली.
म्हणाले, यापुढे या घरात केरसुणी विकत येईल.
आणि आली. दरवर्षी. दुकानातून, प्लास्टिकच्या मुठीची.
मला कोणी कधी शिकवलं नाही.
मी फक्त शेजारी बसून अभ्यास करत होते.

शम्सानं ती उचलली, उलटीपालटी केली,
अंगणातली खजुराची सालपटं दोन फटक्यांत गोळा केली,
आणि तिची अर्धी टोपली माझ्या हातात दिली.
हातात. बोटांना बोटं लागली.
तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

रात्री व्हिडिओवर अण्णांना दाखवली.
मनात भीती होती.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
फोन इतका जवळ घेतला की नुसता डोळाच दिसत राहिला.
बराच वेळ काही नाही. मला वाटलं, रेंज गेली.
मग म्हणाले,
मूठ सैल आहे.
दोन वेढे अजून घाल, आणि गाठ आतून घे,
बाहेरून नाही. बाहेरची गाठ हाताला टोचते.

मी दोरी सोडली.
मेथीला पाणी द्यायचं राहिलं होतं, ते राहूच दिलं.